फोटो नंबर तेवीस

१

सहाची सहा पाकिटं गेली होती.

जयवंत कुबलने टेबलाखाली बघितलं, सुकवायच्या दोरीवर बघितलं, फोटो मोठा करायच्या एन्लार्जरच्या मागे बघितलं आणि शेवटी स्वतःच्या पँटच्या खिशातसुद्धा हात घालून बघितला. बटरपेपरची लांबट पाकिटं होती ती. प्रत्येकात सहा फोटोंच्या निगेटिव्हची एक पट्टी. सकाळी आठपासून राबून त्याने रोल धुतला, सुकवला, कापला, पाकिटांत भरला आणि त्यातल्या चौथ्या पाकिटावर लाल पेन्सिलीने ठसठशीत फुली मारली. मग अर्धा तास जेवायला म्हणून खाली उतरला. तेवढ्यात वाट लागली.

"लवू, डार्करूममध्ये कोण गेलं होतं?"

लवू पेडणेकर म्हणजे स्टुडिओतला त्याचा भागीदार. बाहेरच्या खोलीत बसून तो कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बमला फोटोचे कोपरे चिकटवत होता. मान वर न करता म्हणाला, "माका काय ठाऊक? मी खाली पाणी भरूक गेलेलंय. दार उघडाच होता. तुझ्या त्या बुद्धिबळाच्या फोटोंका कोण हात लावतलो रे? तीन वर्सां काढतंस, एक तरी खपलो?"

तीन वर्षं. लवूने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पोटासाठी जयवंत लग्नं आणि बारशी करायचा, पण जीव अडकला होता तो बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसांत. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, जिथे स्पर्धा असेल तिथे तो जायचा. फ्लॅश चालत नाही, आवाज चालत नाही, म्हणून जुनी गोधडी कापून त्याने कॅमेऱ्याला शिवून घातली होती. तरी पंच हाकलायचे, खेळाडू डोळे वटारायचे. दादरच्या एका प्रदर्शनातून त्याचे सगळे फोटो परत आले, मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'दोन माणसे बसली आहेत. पुढे काय?'

पुढे काय ते काल शनिवारी घडलं होतं, आणि ते त्याच्या कॅमेऱ्यात होतं. रोलवरचा तेविसावा फोटो. आता पाच वाजता त्यावरून एका मुलीच्या नोकरीचा फैसला व्हायचा होता.

घड्याळात पाऊण वाजला होता.

२

मुलुंड पूर्वेला राममंदिराचं सभागृह आहे आणि त्याच आवारात, वरच्या मजल्यावर, या दोघांचा स्टुडिओ. शहाऐंशी सालच्या जानेवारीत उपनगरांची बुद्धिबळ स्पर्धा त्या सभागृहात भरली होती. शेवटचा डाव पडला क्षमा शेजवळ आणि मधुकर ताम्हणे यांच्यात. जिंकेल तो राज्याच्या संघात. मधुकरला कंपनीत चांगली नोकरी होती, त्याला हवा होता तो मान. क्षमाला मात्र एका बँकेने सांगून ठेवलं होतं की राज्याच्या संघात निवड झाल्याचं पत्र घेऊन या, खेळाडूंच्या जागेवर घेतो. एकोणीस वर्षांची पोर, घाटकोपरहून रोज बापाबरोबर यायची.

बुद्धिबळाच्या घड्याळाला दोन तबकड्या असतात, एकेकाची एकेक. वेळ संपत आली की काटा एका बारीक लाल झेंड्याला वर उचलतो आणि वेळ संपली की झेंडा पडतो. झेंडा पडला की डाव हरला. काल मधुकरची शेवटची सेकंदं उरली होती. त्याने वजीर उचलला, मात देणारी खेळी करायला हात खाली आणला आणि त्याच क्षणी क्षमा म्हणाली, "झेंडा पडला." मधुकरचा वजीर पटावर आपटला, कोपर घड्याळाला लागलं, घड्याळ जमिनीवर. आधी मात झाली की आधी झेंडा पडला, हे पंच राजाराम गुप्ते यांनी बघितलंच नव्हतं. ते शेजारच्या टेबलावर कुणाला तरी गप्प करत होते. त्यांनी डाव मधुकरला दिला. क्षमाने अपील केलं. निवाडा समितीपुढे रविवारी पाचला.

मधुकरचा वजीर अजून हवेत होता तेव्हा जयवंतने बटण दाबलं होतं. आणि सकाळी सभागृहात जाऊन त्यानेच मोठेपणाने सांगितलं होतं, "फोटो आहे माझ्याकडे. लाल फुली मारून ठेवतो, दुपारी प्रिंट काढतो."

आता तो जिना उतरला तो तणतणत. समोर सभागृहाच्या ओट्यावर जानकीबाई नेरूरकर बसल्या होत्या. साठीच्या कीर्तनकार, सगळ्या आवाराच्या जानकीआक्का. त्यांचं कीर्तन संध्याकाळी सहाला होतं. मांडीवर झांजा घेऊन त्या दोऱ्या बदलत होत्या आणि शेजारी बसलेल्या क्षमाला दोऱ्याला गाठ कशी मारायची ते दाखवत होत्या.

जयवंतने क्षमाला ऐकू येणार नाही अशा बेताने आक्कांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

"पोलिसांत जाऊ का?"

"जा. रविवारची दुपार. ते तुला उद्या ये म्हणतील," आक्का म्हणाल्या. "पाचला तुमचं भांडण सुरू, सहाला माझं कीर्तन. समितीवाले अर्धवट उठले की मी कुणासमोर उभी राहू? चल, खोली दाखव. आणि तोंड एवढंसं करू नको रे झिला, पोरीला कळेल."

खोलीत पाय टाकताच आक्का थबकल्या. डार्करूममध्ये लाल दिवा जळत होता.

"हा तू लावून गेलास?"

जयवंत बघतच राहिला. फिल्मची पाकिटं टेबलावर ठेवताना त्याने मागची खिडकी सताड उघडली होती, दिवे मालवले होते. त्याला पक्कं आठवत होतं; मघाशी शोधताना लाल दिवा रोजचाच म्हणून ध्यानातही आला नव्हता. आता खिडकीची फळी घट्ट बंद होती, वर खिट्टी घातलेली, आणि लाल दिवा चालू.

३

आक्कांनी माणसं एकेक करून ओट्यावर बोलावली. कीर्तनकाराच्या शब्दाला आवारात वजन असतं, कुणी नाही म्हटलं नाही.

पहिला आला लवू. "आक्का, मी कशाक चोरतलंय? माझी तक्रार इतकीच, ह्याच्या हौसेपायी माझा हायपो, फिल्म धुवूचा औषध, संपता. धुतलेली फिल्म कोणी पळवल्यान ता बराच झाला, पण मी नाय."

"धुतलेली फिल्म म्हणजे?"

"एकदा धुतली काय झाला. मगे उन्हात धर नायतर गळ्यात घाल, तिका काय होणा नाय. उजेड लागान खराब होता ती न धुतलेली."

आक्कांनी मान हलवली आणि त्याला जाऊ दिलं. जयवंत चरफडला. हा काय तपास झाला?

मग मधुकर ताम्हणे. इस्त्रीचा शर्ट, पायात चकाकते बूट. "मी साडेअकराला वर गेलो होतो, लपवत नाही. कुबललाच भेटायला. माझ्या बहिणीचं लग्न आहे मे महिन्यात, त्याबद्दल बोललो. काय कुबल?"

"हो," जयवंत म्हणाला आणि खाली बघू लागला.

"पुन्हा गेला होतात?"

"कशाला जाऊ? फोटोत मी जिंकलेलाच दिसणार. उलट तो हरवला तर माझंच नुकसान." तो हसला, पण घाम पुसायला त्याने दोनदा रुमाल काढला.

पंच राजाराम गुप्ते बोलावल्यावर रागावूनच आले. "बाई, पंचाचा निर्णय फोटोवरून फिरवायचा ही पद्धतच मुळात चुकीची आहे. उद्या क्रिकेटवालेही फोटो मागतील. गेली फिल्म, बरं झालं. स्पष्ट बोलतो."

"दुपारी कुठे होतात?"

"पाठीच्या दुखण्याने सभागृहात सतरंजीवर आडवा होतो. घोरत होतो असं तुमचा तबलजी सांगेल."

तबलजीने तसंच सांगितलं.

शेवटी अंबादास शेजवळ, क्षमाचे वडील. गिरणगावातून घाटकोपरला आलेला, आता एका कारखान्यात फिटर. हातात डब्याची कापडी पिशवी, ती त्याने मांडीवर घट्ट धरली होती. "मी इथंच हिंडत होतो, आक्का. पोरीचं काय होतंय, सुचत नव्हतं."

"वर गेला होतात?"

"एकदा गेलो, साडेअकराच्या सुमाराला. ताम्हणेसाहेब आत होते म्हणून परत फिरलो."

"क्षमा कुठे होती?"

"तुमच्यापाशीच की. झांजांना दोऱ्या ओवत."

ते खरंच होतं. पोर बारापासून ओट्यावरून हलली नव्हती.

तीन वाजले. जयवंतचा धीर सुटला. "आक्का, हे सगळं मलाही माहीत होतं. मधुकरनेच नेली फिल्म. झडती घेऊ या त्याची. नाहीतर जाळली असेल एव्हाना आणि आपण इथे प्रश्न विचारत बसलोय."

"मधुकरने नाही," आक्का शांतपणे म्हणाल्या. "ज्याने नेली, त्याला ती जपायची आहे. चल वर. तुला तुझीच खोली दाखवते."

४

डार्करूमच्या दारावर जयवंतने स्वतः रंगवलेली पाटी होती. 'लाल दिवा असताना दार उघडू नये. उजेडाने फिल्म खराब होते.' आक्कांनी ती मोठ्याने वाचली आणि दार आतून लावून घेतलं.

"ही दोन बटणं कसली?"

"एक पांढऱ्या दिव्याचं, एक लाल."

"पांढरा लाव. आता एका कागदावर लाल पेन्सिलीने फुली मार, मारली होतीस तशीच."

जयवंतने मारली.

"आता पांढरा मालव, लाल लाव. कुठंय तुझी फुली?"

जयवंतने कागद डोळ्यांजवळ नेला. फुली नव्हती. कागद कोराच्या कोरा. रोज या दिव्याखाली काम करणारा माणूस, त्याला हे ठाऊक होतं. आणि तरी आज डोक्यात आलं नव्हतं. त्याने कपाळावर हात मारला.

"तुम्हाला कसं सुचलं हे?"

"अरे, गेल्या रामनवमीला उत्साही मंडळींनी मंचावर लाल दिवे लावले. मी उभी राहिले आणि पुढच्या बायका कुजबुजायला लागल्या, आक्का आज कुंकू लावायला विसरल्या. एक तर रडवेली झाली, आमच्या ह्यांना काही झालं की काय म्हणून. हे पुढच्याच रांगेत बसून शेंगा खात होते." आक्का हसल्या आणि मग स्टुलावर टेकल्या. "आता नीट ऐक. चोराला एकच पाकीट हवं होतं, फुलीचं. ते तू सकाळीच सगळ्यांना सांगून बसलास. मग सहा का नेली?"

"कारण फुली दिसली नाही."

"का दिसली नाही?"

"लाल दिव्यात बघितलं म्हणून."

"आणि भरदुपारी, खिडकी उघडी असताना, ती लावून लाल दिव्यात कोण बघेल? दिसू नये म्हणून लावली म्हणशील, तर मागे देवळाची कोरी भिंत, तिथून बघणार कोण? आणि तरी भीती वाटली, तर माणूस पांढरा दिवा लावेल. शेजारीच बटण आहे. लाल लावला, कारण तुझी पाटी वाचली. उजेडाने फिल्म खराब होते. धुतलेली, न धुतलेली हा फरक आपल्याला कुठला कळतो? लवूला कळतो, म्हणून लवू नाही."

जयवंतने दाराकडे बघितलं.

"आता ज्याला फिल्म नको आहे, त्याला ती खराब होईल असं वाटलं तर तो काय करेल? आनंदाने उजेडात धरेल आणि जागेवर ठेवून जाईल. चोरीची गरजच काय? मधुकर तेच करेल, गुप्तेही तेच करतील. या माणसाने मात्र पहिल्यांदा खिडकी लावली. आणखी काही गेलंय का बघ बरं."

जयवंतने भिंतीवरची मांडणी चाचपली. प्रिंटच्या कागदांच्या डब्यातला काळा जाड कागद गेला होता. उजेडापासून गुंडाळायचा कागद.

"जपणारा माणूस," तो हळूच म्हणाला. "फोटो हवा असलेली माणसं दोनच. क्षमा तर तुमच्याजवळ होती."

"हं."

"पण अंबादासकाका कशाला चोरतील? दुपारी प्रिंट मी देणारच होतो की."

लाल उजेडात आक्कांचं कपाळ कोरं दिसत होतं. त्यांनी विचारलं, "साडेअकराला मधुकर तुला बहिणीच्या लग्नाबद्दल नेमकं काय म्हणाला रे?"

जयवंतने दिवा मालवला. अंधारात सांगणं सोपं होतं.

"म्हणाला, लग्नाचं सगळं काम तुलाच. कालचा फोटो नीट आला नाही तरी कुणी तुला बोल लावणार नाही."

"आणि तू?"

"मी म्हणालो, बघतो."

५

अंबादास देवळामागच्या पाराशी एकटाच बसला होता. दोघांना येताना बघून तो उठला. पिशवी त्याने पाठीमागे घेतली नाही, उलट पुढे केली. डब्याखाली, काळ्या कागदात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली सहा पाकिटं होती.

"पाचला समितीच्या हातात देणार होतो," तो म्हणाला. "बाहेर काढली नाहीत. उजेड लागू दिला नाही."

जयवंतला राग यायला हवा होता. दुपारभर साठवलेला तसा होताही. पण तो फुटला भलतीकडेच.

"निगेटिव्ह देऊन काय झालं असतं, काका? प्रिंट कोण काढणार होतं? चार तास गेले. मला विचारायचं तरी."

"दाराबाहेरच होतो मी. ऐकलं मी," अंबादास म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "बँकेत बसणारी आमच्या वस्तीतली ही पहिली मुलगी. तुम्ही ताम्हणेसाहेबांना नाही म्हटलं असतं, तर मी खाली जाऊन चहा प्यालो असतो. तुम्ही नाही म्हटलं नाही. मग मी कुणाला विचारू, कुबलसाहेब?"

साहेब हा शब्द जयवंतला थोबाडीत बसल्यासारखा लागला. आक्कांनी अंबादासच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "चला, तिघं जाऊ. पोरीलाही बोलवा. फोटो निघताना सगळ्यांनी बघायचा."

सव्वाचारला डार्करूममध्ये चौघं दाटीने उभी होती. जयवंतने चौथी पट्टी एन्लार्जरमध्ये लावली, मोठा कागद घेतला, उजेड दिला, कागद द्रावणात सोडला. लाल दिव्याखाली पांढऱ्या कागदावर सावल्या उमटू लागल्या. आधी मधुकरचा हात, त्यात वजीर. मग डावीकडे क्षमा, ओठ किंचित विलग. उजवीकडे मधुकर. दोन्ही चेहरे इतके स्पष्ट की मधुकरच्या ओठांवरचे घामाचे थेंब मोजून घ्यावेत.

क्षमाने वाकून बघितलं. "कुबलदादा, घड्याळ कुठंय?"

घड्याळ पुढच्या बाजूला होतं, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. आणि ते होतं एक करडा, मऊ, वितळलेला ठिपका. कमी उजेडात, फ्लॅशशिवाय, भिंगाचं तोंड पूर्ण उघडून काढलेला फोटो. जयवंतने चेहऱ्यांवर नेम धरला होता. तीन वर्षं तो हेच करत आला होता, माणसं स्पष्ट आणि बाकीचं जग पुसट. झेंडा उभा की पडलेला, ते देवालासुद्धा सांगता आलं नसतं.

त्याने दुसऱ्यांदा कागद टाकला, जास्त उजेड दिला. तिसऱ्यांदा कमी दिला. ठिपका तो ठिपकाच राहिला.

अंबादास भिंतीला टेकला. "म्हणजे उगाचच चोरी केली मी," तो म्हणाला.

६

पाचला समिती बसली. तीन वयस्कर सभासद, पंच गुप्ते, एका बाजूला शेजवळ बापलेक, दुसऱ्या बाजूला मधुकर. जयवंतने ओला फोटो काचेवर चिकटवून आणला होता. त्याने सरळ सांगून टाकलं की यात घड्याळ दिसत नाही. चोरीबद्दल तो काही बोलला नाही, आणि मधुकर साडेअकराला काय बोलला ते मात्र बोलला. स्वतः काय म्हणाला तेही.

मधुकरचे कान लाल झाले. "मी सहज बोललो होतो."

"पुरावा नाही," गुप्ते म्हणाले. "निर्णय कायम ठेवावा."

समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत होते. "फोटो सुंदर आहे हो, पण उपयोगाचा नाही."

जयवंतला ती काच जमिनीवर आपटावीशी वाटली. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो, आणि बिनउपयोगाचा.

जानकीआक्का मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या उठून पुढे आल्या. "मला खेळातलं कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण मी चाळीस वर्षं माणसांचे चेहरे बघत उभी राहते. ऐकणारा कुठे बघतोय त्यावरून कळतं, त्याचं मन कुठे आहे. मधुकरभाऊ, तुमच्या हातात वजीर आहे. मात तुम्ही देताय. मग तुम्ही पटाकडे का बघत नाही?"

सगळे फोटोवर वाकले. क्षमाची नजर घड्याळावर होती, ते समजण्यासारखं होतं. पण मधुकरचे डोळेही त्या पुसट ठिपक्याकडेच वळलेले होते. हात अजून हवेत, आणि चेहऱ्यावर जिंकणाऱ्या माणसाचं काहीच नव्हतं. भुवया चढलेल्या, जबडा सुटलेला. गर्दीत पाकीट मारलं गेल्याचं नुकतंच कळलेल्या माणसाचा चेहरा.

"हा काही पुरावा नाही," गुप्ते म्हणाले, पण या वेळी हळू आवाजात.

"नाहीच," आक्का म्हणाल्या. "मी कुठे म्हणते? मी त्यांनाच विचारते."

मधुकरने काच हातात घेतली. खूप वेळ तो स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिला. सभागृहात तबला लावण्याचे ठोके पडत होते.

"हात खाली येण्याआधी मी बघितलं होतं," तो शेवटी म्हणाला. "पडलेला होता झेंडा. कोपर मी मुद्दाम नाही मारलं, एवढं खरं माना. पण पडलेला होता."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी कागद पुढे केला, मधुकरने सही केली. डाव क्षमाचा. अंबादासने डोक्यावरची टोपी काढून डोळ्यांवर धरली आणि तशीच ठेवली. क्षमाने त्याच्या हातातली डब्याची पिशवी घेतली, कारण ती पडायला आली होती.

जाताना मधुकर जयवंतजवळ थांबला. "हा फोटो कुठे लावू नका, कुबल. लोक बघतील. माझी मुलगी बघेल."

जयवंतने काचेवरच्या फोटोकडे बघितलं. तीन वर्षांत असा एकच फोटो हाताला लागला होता. दादरवाल्यांच्या तोंडावर फेकावा असा.

"नाही लावणार," तो म्हणाला.

"मला कुणी विचारणार की नाही?" क्षमा मधेच बोलली. "अर्धा फोटो माझा आहे. माझ्या आईने मला खेळताना एकदाही बघितलेलं नाही. रविवारीही तिला कामावरून सुट्टी नसते. मला हवाय तो."

जयवंतने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मधुकरकडे. मग वर जाऊन मोठी कात्री घेऊन आला. ओला फोटो काचेवरून सोडवला, आणि हवेत थांबलेल्या हाताच्या अलीकडून, वरपासून खालपर्यंत, सरळ कापला.

उजवा भाग त्याने मधुकरला दिला. डावा वर्तमानपत्रात ठेवून अंबादासच्या हाती दिला आणि म्हणाला, "काका, घरी जाऊन काचेवर पालथा सुकवा. आणि उजेडात ठेवा, काही होत नाही."